वही घरी, झेरॉक्स पिशवीत : कादंबरी लिहिणाऱ्या बाईनं साहित्य संमेलनाला कसं जावं?

भिवापूरहून आम्ही, बचत गटाच्या सहयोगिनी, बोलतो आहोत. या वेळेला आपण एरवी शेळीपालनावर बोलतो, बँकेच्या कागदांवर बोलतो, रक्त कमी असलं तर काय खावं त्यावर बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण तोही गटाचाच आहे. आपल्या गटांमध्ये लिहिणाऱ्या बाया आहेत. कोणी सणाची गाणी वहीत उतरवून ठेवते, कोणी रोजची डायरी लिहिते. आमच्या एका गटातल्या बाईनं तर तीन मोठ्या वह्या भरून कादंबरी लिहिली आहे. मिरचीच्या सातऱ्यावर देठं खुडणाऱ्या बायांची ती गोष्ट आहे. दिवसा सातऱ्यावर मजुरी आणि रात्री वही, असं तिचं चार वर्षं चाललं होतं.

तिच्यामुळे आम्हाला साहित्य संमेलन म्हणजे काय, तिथं कोणी जायचं, कशाला जायचं आणि काय सांभाळायचं, हे शोधून काढावं लागलं. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो. कारण अशी वही तुमच्याही गावात कोणाच्या तरी गोधडीखाली असणार, याची आम्हाला खात्री आहे.

संमेलन आलं कुठून?

१८७८ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांनी पुढाकार घेऊन पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात तिथून मोजतात. दुसरी सभा १८८५ साली झाली. तिचं बोलावणं महात्मा जोतीराव फुल्यांना गेलं होतं. ते गेले नाहीत. त्यांनी पत्र लिहून कळवलं की, तुमच्या पुस्तकांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, मग आम्ही तिथं येऊन काय करणार? हे पत्र आजही लोक काढून वाचतात. म्हणजे 'हे संमेलन आपलं आहे का?' हा प्रश्न संमेलनाइतकाच जुना आहे. तो मनात आला म्हणून बिचकू नका.

बायांचं काय? सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ साली छापून आला होता, म्हणजे त्या पहिल्या सभेच्या २४ वर्षं आधी. पण संमेलनाच्या अध्यक्षपदावर बाई बसायला १९६१ साल उजाडलं. ग्वाल्हेरच्या त्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे, आपल्या विदर्भाच्या, नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या संमेलनात तारा भवाळकर. ९८ संमेलनांत बाया सहा. आपल्या गटाच्या हजेरीपत्रकात अशी हजेरी लागली तर आपण कारण विचारू.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं संमेलन भरलं. उद्घाटनाला आधी बोलावलेल्या मोठ्या लेखिकेचं निमंत्रण रद्द झालं, त्यावरून खूप वाद झाला. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या यवतमाळ जिल्ह्यातल्याच, शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर घर एकटीनं सांभाळणाऱ्या. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची. ती विधवांच्या हालांवर आहे. दीडशेहून जास्त वर्षं विधवेबद्दल दुसऱ्यांनी लिहिलं, आणि यवतमाळात ती स्वतः माइकपुढे उभी राहिली. आमच्या बाईनं वही चालू ठेवली, त्यात त्या बातमीचाही वाटा होता.

एक नाही, अनेक संमेलनं

बरेच लोक समजतात की संमेलन म्हणजे ते वर्षातून एकदा होणारं मोठंच. तसं नाही. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केलं होतं. १९९९ साली धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन झालं. आपल्या विदर्भासाठी विदर्भ साहित्य संघ आहे, स्थापना १९२३ सालची, कचेरी नागपुरात सीताबर्डीला. त्यांचीही संमेलनं होतात. आणि आपल्या अंगणातलं म्हणाल तर झाडीबोलीचं संमेलन. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतल्या बोलीसाठी झाडीबोली साहित्य मंडळ बरीच वर्षं काम करतं. आपलं भिवापूर पवनी आणि नागभीडला लागून. आपल्या तोंडातली बोली तिकडची.

पहिल्यांदा जाणार असाल तर आमचं मत असं : आधी जवळचं, लहान संमेलन गाठा. तिथं माणसं भेटतात. मोठ्या मांडवात गर्दी भेटते. दोन्हीचा उपयोग आहे, पण वेगवेगळा.

कादंबरीवालीला मंच नसतो

आम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला गेलो. विदर्भ साहित्य संघाचं शंभरावं वर्ष होतं म्हणून ९६ वं संमेलन वर्ध्याला झालं, अध्यक्ष होते न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. त्याच दिवसांत वर्ध्यातच विद्रोही संमेलनही होतं. लिहिणारी बाई, गटातल्या दोघी आणि आम्ही, अशा चौघी. उमरेड, नागपूर करत एसटीनं गेलो. तेव्हा पूर्ण तिकीट पडलं होतं. आता १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुमचा खर्च आमच्यापेक्षा कमीच होईल.

संमेलन साधारण तीन दिवस चालतं. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं ठेवून. मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण. नंतर परिसंवाद, म्हणजे एका विषयावर चार-पाच जणांनी बोलायचं. कथाकथन, मुलाखती, कविसंमेलन, कविकट्टा. बाजूला पुस्तकांचे गाळे. ऐकायला जायचं तर सहसा पैसे लागत नाहीत. राहण्या-जेवणाची सोय हवी असेल तर आधी प्रतिनिधी शुल्क भरून नाव नोंदवावं लागतं. त्याची माहिती महिना-दीड महिना आधी वर्तमानपत्रात येते.

आता मुद्द्याचं. कवितावाल्या बाईला संमेलनात कविकट्ट्यावर पाच मिनिटं मिळू शकतात. ती कविता म्हणते, टाळ्या पडतात, आनंदानं घरी येते. कादंबरीवालीचं तसं नाही. तीन वह्यांची गोष्ट पाच मिनिटांत कशी सांगणार? नव्या कादंबरीकाराला तिथं मंच नसतो. आमच्या सोबतच्या दोघी पहिल्या दिवशी दुपारी म्हणाल्याच, 'हिला तर कोणी बोलावलंच नाही, मग आपण आलो काहून?'

तर कशाला जायचं? कादंबरी लिहिणारी बाई एकटीनं काम करते. तिला तीन गोष्टी घरी कळत नाहीत : आपल्यासारखं आधी कोणी लिहिलं आहे का, असं लिखाण छापतं कोण, आणि आपण लिहितो ते परक्या माणसाला कळतं का. या तीन प्रश्नांची उत्तरं तीन दिवसांत एका मांडवाखाली मिळू शकतात. म्हणून तिथं जत्रेला गेल्यासारखं जायचं नाही, कामावर जातो तसं जायचं.

जाण्याआधीची तयारी

पहिलं, मूळ वही घरी ठेवा. पेटीत, कुलपात. सोबत न्यायची ती पहिल्या प्रकरणाची झेरॉक्स, तीन प्रती. वही हरवली, भिजली, कोणी 'वाचून देतो' म्हणून नेली आणि दिलीच नाही, तर चार वर्षांची मेहनत गेली. निघण्याआधी सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटोही काढून ठेवा आणि दुसऱ्या एकीच्या मोबाईलवर पाठवून द्या.

दुसरं, एका कागदावर गोषवारा लिहा. कादंबरी कोणाची आहे, कुठं घडते, काय होतं, शेवट काय, किती पानं. शेवट लपवू नका. छापणाऱ्याला आधी शेवटच कळायला हवा. खाली नाव, गाव, फोन नंबर.

तिसरं, दोन वाक्यं पाठ करा. कोणी विचारलं 'काय लिहिता?' तर आपण 'असंच काहीतरी' म्हणतो आणि लाजतो. तसं म्हणायचं नाही. आमची बाई वर्ध्याच्या बसमध्ये घोकत होती : 'मी कादंबरी लिहिते. भिवापूरच्या सातऱ्यावर मिरचीची देठं खुडणाऱ्या तीन बायांची गोष्ट आहे.' एवढंच. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आवाज बसला होता, दुसऱ्या दिवशी मोकळा झाला.

चौथं, कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करा. सगळं ऐकायला गेलं तर काहीच ऐकून होत नाही. कादंबरी, ग्रामीण साहित्य, बोली, स्त्रियांचं लिखाण, यावरचे दोन-तीन परिसंवाद निवडा. बाकीचा वेळ पुस्तकांच्या गाळ्यांसाठी ठेवा.

तिथं गेल्यावर

कादंबरीवालीची खरी शाळा पुस्तकांच्या गाळ्यांवर भरते. पुस्तक उघडून पहिली दोन पानं बघा. प्रकाशक कोण, गाव कोणतं, पहिली आवृत्ती केव्हाची, हक्क कोणाच्या नावावर, हे सगळं तिथं छापलेलं असतं. आपल्यासारखी पुस्तकं कोण छापतं त्यांची नावं डायरीत उतरवा. आमच्या बाईनं अकरा नावं उतरवली. त्यातल्या सहा जणांनी कादंबऱ्या छापल्या होत्या, बाकीचे फक्त कविता आणि शाळेची पुस्तकं छापणारे. म्हणजे पाच ठिकाणची पायपीट वाचली.

मोठे लेखक दिसले तर नमस्कार करा, एक नेमका प्रश्न विचारा. 'माझी कादंबरी वाचा' म्हणून चारशे पानं पुढे करू नका. गर्दीत कोणी वाचत नाही, आणि आपलाच मान जातो. आमच्या बाईनं एका कादंबरीकारांना विचारलं, 'एवढी माणसं कादंबरीत कशी सांभाळता?' ते म्हणाले, 'ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही, ते माणूस काढून टाकतो.' घरी आल्यावर तिनं दोन माणसं आणि साठ पानं काढली.

आपल्यासारख्या नवख्या बाया शोधा. जेवणाच्या रांगेत, पाण्याच्या टाकीपाशी त्या भेटतातच. एकमेकींचं पहिलं प्रकरण वाचायला द्या-घ्या. तिसरी झेरॉक्स त्यासाठीच. हिंगणघाटकडच्या एका बाईनं आमच्या बाईचं प्रकरण वाचून आठवड्यानं फोन केला. म्हणाली, 'सातऱ्यावरची धूळ आणि खोकला समजला, पण मजुरी किती मिळते तेच लिहिलं नाही.' खरंच लिहिलं नव्हतं. आपल्याला माहीत असतं ते आपण लिहीत नाही. परक्या वाचकाला तेच लागतं.

आपली बोली बदलायची का?

तिथं एकानं तिला सांगितलं की, संवाद शुद्ध भाषेत करा, नाहीतर पुण्या-मुंबईकडे कळणार नाही. ती दोन दिवस गप्प होती. त्यावर आमचं सांगणं असं. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. त्यातली कौतिक ही वऱ्हाडातली गरीब शिंप्याची बायको, वऱ्हाडीत बोलते. ती कादंबरी आजही वाचली जाते. बेबी कांबळे यांनी फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहिलं, घरच्यांपासून वह्या लपवून ठेवल्या. तेच पुढे 'जिणं आमुचं' म्हणून १९८६ साली पुस्तक झालं आणि इतर भाषांतही गेलं. कविता महाजन यांची 'ब्र' ही कादंबरी २००५ सालची. तिच्यात सरपंच झालेल्या बाया आहेत, म्हणजे आपल्याच ग्रामपंचायतीचा विषय.

बोली ही चूक नाही. चूक असते ती ओळ न कळण्याची. गोष्टीवरूनच शब्द समजला तर तो राहू द्या. समजत नसेल तर शेजारी एक सोपं वाक्य घाला. आमच्या बाईनं 'सातरा' शब्द बदलला नाही. पहिल्याच पानावर सातरा कसा असतो ते दाखवलं.

छापायचे पैसे आणि सही

आता सगळ्यात सांभाळायची गोष्ट. संमेलनाहून आल्यावर महिन्याभरात तिला एका प्रकाशकाचा फोन आला. पंचेचाळीस हजार रुपये भरा, तीनशे प्रती छापू, दोनशे तुम्हाला देऊ. सोबत सही करायचा कागद. त्यात एक ओळ होती : पुस्तकाचे सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे. तिनं गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत बराच वेळ शांतता होती. शेळीला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, पुस्तकाला द्यायचं का?

'पुस्तक कशाला?' असं कोणी म्हणालं नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. सगळ्यांनी हिशेब मांडला. पंचेचाळीस हजारांवर शेकडा दोन रुपयांनी महिन्याला नऊशे रुपये व्याज. दोनशे प्रती अडीचशे रुपयांनी विकल्या तर पन्नास हजार, पण सगळ्या विकल्या तरच. विकणार कोण? हिच्या सातऱ्याची मजुरी सोडून ही गावोगाव फिरणार का? आणि पुस्तक खरोखर चाललं, तर दुसऱ्या आवृत्तीचा पैसा कोणाचा? कागदावर तर हिचं काहीच नव्हतं. एक जण म्हणाली, 'मिरची आपण पहिल्या व्यापाऱ्याला टाकतो का? चार भाव तरी विचारतो ना.' त्या वाक्यावर निर्णय झाला. कर्ज थांबवलं, सही थांबवली. सहीचं तिनं स्वतःच ठरवलं, गटानं फक्त हिशेब समोर ठेवला.

पैसे देऊन पुस्तक छापणं हा गुन्हा नाही. बरेच जण छापतात. पण सहीआधी हे माहीत असू द्या :

लिहिताक्षणी लिखाणाचा हक्क लिहिणाऱ्याचा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे मुलाबाळांनाही मिळतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. करायची असेल तर ५०० रुपये शुल्क आहे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. कोणते हक्क, किती वर्षांसाठी, किती आवृत्त्यांसाठी, मानधन किती, हे त्यात स्पष्ट हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. पण 'कायमचे' असं लिहून त्यावर सही केली, तर ती पाच वर्षांची आड उरत नाही.

मानधन म्हणजे छापील किमतीचे ठरावीक टक्के, बरेचदा दहाच्या आसपास. ते केव्हा देणार आणि विक्रीचा हिशेब केव्हा दाखवणार, तेही लिहून घ्या. पुस्तकावर असतो तो आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात सरकारकडून फुकट मिळतो. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर विचारा, कशाचे?

आणि स्वतःचे पैसे घालण्याआधी एक दार ठोठावून बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आहे. अर्जांची जाहिरात निघते, त्या मुदतीत हस्तलिखित पाठवावं लागतं. राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा वेगळा पुरस्कारही आहे. म्हणजे पहिलटकरणीसाठीही जागा आहे. आमची बाई आता तिसऱ्यांदा लिहून काढते आहे. जाहिरात निघाली की अर्ज करायचा, तारखेवर लक्ष ठेवायचं काम गटाच्या सचिवानं घेतलं आहे.

गटानं काय करावं?

संमेलनं सहसा हिवाळ्यात होतात, नेमकी मिरचीच्या हंगामात. तीन दिवस गेली म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडाली, वर घरचा स्वयंपाक, ढोरं, म्हातारं माणूस. 'तिथं जाऊन काय मिळते?' हा प्रश्न घरून येणारच. त्याचं उत्तर एकट्या बाईनं द्यायचं नसतं, गटानं द्यायचं असतं. आमच्या गटानं प्रवासाचा खर्च ठराव करून दिला, एकीनं ढोरं बघितली, एकीनं दोन वेळचा डबा पोचवला. आल्यावर तिनं बैठकीत अर्धा तास सगळ्यांना माहिती दिली. प्रशिक्षणाला पाठवतो तेव्हा जसं करतो, तसंच.

आणि संमेलनाला जायचं नसलं तरी एक काम होऊ शकतं. महिन्याच्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या, की दहा मिनिटं वाचनाला ठेवा. जी लिहिते तिनं वाचावं, बाकीच्यांनी सांगावं कुठं कळलं नाही. जिला अक्षर येत नाही तिनं तोंडी सांगावं, दुसरीनं लिहून घ्यावं. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. दुसऱ्यांनी टिपून ठेवलं म्हणून त्यांच्या कविता आज आपल्याजवळ आहेत.

तुमच्या गटात कोणी लिहीत असेल तर पुढच्या बैठकीच्या कार्यवाही वहीत तिचं नाव आणि तिच्या लिखाणाचा विषय लिहून ठेवा. बचतीच्या आकड्यांशेजारी त्यालाही जागा द्या. आणि तिला सांगा, आजच पानांचे फोटो काढून ठेव.